वडप्याच्या गोडाऊनमधली लाट

३ नोव्हेंबर
नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि मी खूश आहे! महासागरातल्या राक्षसी लाटा आणि त्यांच्यावर स्वार होणारी माणसं यांचं फिरतं प्रदर्शन निघणार आहे. त्याचं सामान वडपे गावातल्या गोडाऊनमध्ये उतरलंय आणि मराठी फलक लिहायला मला अंबरनाथहून बोलावलंय. गोडाऊन सांभाळणारे मिलिंददादा फार बोलके. त्यांच्या बायकोने, वनितावहिनींनी, मला न बघताच माझ्यासाठी सुकटीची चटणी पाठवली. झाडलोटीला वज्रेश्वरीकडच्या पाड्यावरून सखी येते. माझ्याहून मोठी, तरी मला ताई म्हणते. लाटेचा फोटो बघून म्हणाली, "आमचा डोंगर पन यवरा उंच न्हाय, ताई."

५ नोव्हेंबर
दिवसभर लिहिलं. हवाई बेटांवर राजे-सरदार लाकडी फळ्यांवरून लाटा कापायचे. पुढे फळ्या हलक्या झाल्या आणि माणसाची हाव वाढली. हातांनी वल्हवून जी लाट गाठता येत नाही, तिच्यावर वॉटर स्कूटरला दोरी बांधून जाऊ लागले. पोर्तुगालच्या नाझारेजवळ समुद्रतळाला खोल दरी आहे, ती लाटेला सात-आठ मजल्यांएवढी उचलते.

संध्याकाळी शेवटची पेटी उघडली. आत मोडलेली अर्धी फळी. तिच्यावरचा माणूस सापडलाच नाही, म्हणून घरच्यांनी ती देऊन टाकली म्हणे. फळी ओली होती. मिलिंददादांनी छपराला बोल लावला, पण वरचा पत्रा कोरडा ठणठणीत. मी बोट चाटून पाहिलं. खारट.

८ नोव्हेंबर
कपातला चहा तिरका राहतो. मागच्या भिंतीच्या बाजूला वर चढलेला. बाटलीतलं पाणीही तसंच. मिलिंददादा म्हणाले, जमिनीला उतार असेल. गोटी ठेवून पाहिली. जागची हलली नाही.

त्सुनामीच्या फलकावर मीच लिहिलंय, की लाट येण्याआधी किनाऱ्यावरचं पाणी पुष्कळदा मागे ओढलं जातं. ते वाक्य खोडावंसं वाटलं.

११ नोव्हेंबर
जेवणाच्या सुट्टीनंतर सखी दोन रॅकच्या मध्ये पडलेली दिसली. लुगडं कोरडं, केस कोरडे, आणि तोंडातून भडाभडा पाणी. आम्ही दवाखान्यात नेली. वाचली. डॉक्टरांनी विचारलं, कुठल्या विहिरीत पडली? मी म्हटलं, गोडाऊनमध्ये. त्यांनी कागदावर 'विहीर' असंच लिहिलं.

शुद्धीवर आल्यावर सखीने माझा हात धरला. "झाडताना पाय लागला त्या फळीला. तू नको लावू, ताई."

१२ नोव्हेंबर
प्रदर्शनाच्या मालकांना फोन केला, फळी परत न्या म्हटलं. ते हसले.

मिलिंददादा चिडले. आपण बाबासाहेबांची माणसं, असलं भुताखेतांचं मानतो का, म्हणाले. मला दाखवायला चप्पल काढून फळीवर उभे राहिले. हसत होते. मग गुडघे आपोआप वाकले, हात पसरले. मी तीनदा हाक मारली तेव्हा उतरले. चेहरा पांढराफटक.

"केवढ्या उंचावर होतो गं."

आणि थोड्या वेळाने, हळूच — परत एकदा उभं राहतो.
ओढून बाहेर काढलं त्यांना. बाहेर आल्यावरही मागे वळून बघत होते.

१४ नोव्हेंबर
वनितावहिनींचा फोन. दादा काल ड्युटीवरून घरी आलेच नाहीत. काल माझी सुट्टी होती.
तशीच गोडाऊनवर आले. शटर आतून बंद. खालच्या फटीतून वारा येतोय. हमाल जवळ जायला तयार नाहीत.

१४ नोव्हेंबर, दुपार
बाजूच्या दाराने आत आले. दार मागे लागलं, उघडत नाही. मोबाइलला रेंज नाही. रॅकच्या वरच्या कप्प्यात चढून बसलेय. लिहितेय — कुणाला तरी कळावं.

दादा खाली आहेत. त्या फळीवर. पाय सुटत नाहीत म्हणतात. रडतायत.

मागची भिंत नाही. तिथे हिरवं पाणी उभं आहे — छपरापर्यंत — त्याच्याही वर —

ओरडतायत, "धम्मदिना, तू निघ, वनिताला सांग —" पुढचं ऐकू येत नाही.

पाणी अजून पडलं नाही. नुसतं वाकतंय.
हात पोचेल. उतरते. एका हाताने रॅक धरीन, दुसरा त्यांच्या —