शनिवारची उलटी जबानी

कार्डिफ, सोमवार, ऑक्टोबर २००६

आज घरात घोर अधर्म घडला. संशयिताला चहाबरोबर एकच बिस्किट मिळालं. संशयित मी. मुग्धा, आमची कन्या, गुन्हे-तपासाच्या मानसशास्त्रात एमएस्सी करतेय. तिला चौकशीच्या सरावासाठी कोणीतरी हवं होतं.

"बाबा, शनिवारी मार्केटला गेलात ना, ते शेवटून सुरुवातीपर्यंत सांगा. खोटं बोलणाऱ्याला रिव्हर्समध्ये जमत नाही."

पाठशाळेत श्लोक उलटे म्हणून दाखवणाऱ्याला हे काय अवघड? म्हटलं, घरी आलो, त्याआधी बसमधून उतरलो, त्याआधी भाजी घेतली...

स्वयंपाकघरातून ही ओरडली, "अहो, बस कुठली? गाडीनं गेलो आपण. तुम्हीच चालवत होतात!"

"गॉट यू, बाबा!" मुग्धा खदखदून हसली. मीही हात वर करून गुन्हा कबूल केला. दुसरं काय करणार?

गाडी मी चालवत होतो. संध्याकाळभर आठवून पाहतोय, उलटं, सुलटं. स्टिअरिंग नाही, पार्किंग नाही. बस मात्र लख्ख दिसते, ओल्या खिडकीसकट.

गाडी मी चालवत होतो म्हणे.

मी खोटं बोललो नव्हतो. माझ्या वडिलांचं विसरणंही असंच सुरू झालं होतं. मला भीती वाटते, आणि या दोघींना सांगवत नाही.