उत्पन्नाचा दाखला आणि माझी पोझिशन

८ सप्टेंबर, सकाळी ९
उन्नतीचा नंबर लागला. बी. फार्म. मी पहिल्यापासून म्हणत होतो पोरगी नाव काढणार. दिपाली म्हणते, तुम्ही पहिल्यापासून हिला ब्युटी पार्लर टाकून देऊ म्हणत होतात. बायकोची मेमरी हल्ली खराब झालीय.

फी वर्षाला एक लाख दहा हजार. पण घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर मुलीची फी सरकार भरतं. ३० तारखेपर्यंत उत्पन्नाचा दाखला जोडून ऑनलाइन फॉर्म भरायचा. नाहीतर फी रोख भरा. नाहीतर सीट दुसऱ्याला.

संकल्प : दाखल्याचं सगळं मी स्वतः बघणार. कचेरीत केसरीनाथ पाटील म्हटलं की खुर्ची मिळते.

९ सप्टेंबर
पितर लागले. अमावास्येपर्यंत शुभ काम नको. दिपाली म्हणाली, फॉर्म भरायचाय, पोरीचं लग्न नाही लावायचं. वाद घातला नाही. भजी मस्त झाली होती.

१२ सप्टेंबर, दुपारी
उत्पन्नाचा हिशोब केला.
जमीन गोडाऊनवाल्यांना दिली त्याला बारा वर्षं झाली. त्यातून बंगला, स्कॉर्पिओ, शर्यतीचे बैल आणि धाकट्या भावाची हळद. चार हजार माणूस जेवलं होतं, अजून लोक नाव काढतात. मागून काही जण म्हणतात, केसरीची जमीन गेली. गेली कुठं? तिचं रूपांतर झालं.

सध्या एक गाळा. त्यात अन्सारीभाईंचे चार लूम चालतात. भाडं महिना अठरा हजार. वर्षाचे दोन लाख सोळा हजार. बाकी सध्या काही नाही.

आकडा कागदावर फारच बारका दिसतो. पेन बदलून लिहून बघितला. तरी तसाच.

१५ सप्टेंबर
सेतू केंद्रात गेलो. खुर्ची मिळाली नाही, पण पंखा माझ्याच बाजूला होता. तिथली बाई म्हणाली, आधी तलाठ्याकडे जबाब द्या, सोबत गावातले दोन पंच आणा.

पंच! म्हणजे गावच्या दोन माणसांपुढं बसून आपल्या तोंडानं सांगायचं, मी वर्षाला दोन लाख सोळा हजार कमावतो. आमच्या घराण्यात असं कुणी सांगितलेलं नाही. विचारलं, बाहेरगावचे पंच चालतील का, दिघाशीला आमचा साडू असतो. नाही म्हणाली. नियमांना माणुसकी नसते.

१७ सप्टेंबर
तलाठी ऑफिस. पांढरे कपडे, गॉगल. दिपालीनं निघताना तीनदा पढवलं, दोन सोळा म्हणायचं, दुसरं काही बोलायचं नाही.

पंच म्हणून शेजारच्या रामनाथकाकांना मुद्दाम सोबत नेलं, त्यांना ऐकू कमी येतं. पण माझा चुलत भाऊ मनोज नेमका सातबारा काढायला आलेला. दोन गोडाऊनचा मालक. म्हणाला, मी हाय ना, मी करतो सही.

तलाठी मॅडमनी विचारलं, वार्षिक उत्पन्न किती? मी तोंड उघडलं. मनोज बघत होता. तोंडातून साडेनऊ लाख निघालं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, मुलीच्या स्कॉलरशिपला हवाय ना दाखला? आठच्या वर चालत नाही, परत सांगा. मी म्हटलं, मॅडम, जे आहे ते आहे. रामनाथकाकांनी विचारलं, कवडं म्हनला? मी मोठ्यानं सांगितलं, साडेनऊ. मनोज मान खाली घालून चप्पल बघत बसला. जळला असणार.

१८ सप्टेंबर
घरी काम झालं एवढंच सांगितलं. उन्नती पाया पडली. बरं वाटलं. मग अजिबात बरं वाटेना. ॲसिडिटी असावी.

नवीन प्लॅन : फी रोखच भरायची. सरकारची मेहरबानी कशाला? एक लाख दहा हजार म्हणजे काय, आपल्याकडं हळदीत बँडवाल्याला उडवतात.

१९ सप्टेंबर
अन्सारीभाईंकडं सहा महिन्यांचं भाडं ॲडव्हान्स मागितलं. ते म्हणाले, सेठ, दिवाली तक का तो आप पहले ही ले चुके हो. मला ते माहीत होतं. त्यांच्या लक्षात आहे का ते बघत होतो.

२० सप्टेंबर
स्कॉर्पिओला गिऱ्हाईक आलं. चार वर्षं गाडी जागची हललेली नाही, त्यामुळं रनिंग एकदम कमी. त्यानं बॉनेट उघडून भाव सांगितला. मी म्हटलं, अरे, एवढ्यात टायर येतात. तो म्हणाला, टायरचाच सांगतोय. हाकलला.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री
दाखला तयार झाल्याचा मेसेज नेमका उन्नतीच्या मोबाइलवर आला. सेतूत नंबर तिचा दिला होता. ओरडली असती तर मलाही ओरडता आलं असतं. तिनं एवढंच विचारलं, बाबा, हे साडेनऊ लाख कुठं आहेत?

त्यानंतर दिपाली बोलली. पाऊण तास. त्यातलं लिहिण्यासारखं काही नाही.

पितरांची वाडी ठेवली. कावळा लगेच शिवला. पोरगी मात्र जेवायला आली नाही.

२२ सप्टेंबर
पक्का संकल्प : आज जाऊन आकडा दुरुस्त करणार. लाज कसली? पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे.

११.३० : निघालो.
११.४५ : तलाठी ऑफिसच्या बाहेर मनोजची बुलेट उभी.
१२.०० : घरी. चक्कर आल्यासारखं वाटलं. उन्हाचा त्रास.

दिपालीनं विचारलं, झालं? मी म्हटलं, मॅडम मीटिंगला गेल्यात. उन्नती दारातच उभी होती. मागच्या वर्षी अभ्यासासाठी पहाटे चारला उठायची. मी कूस बदलून म्हणायचो, लाइट बंद कर. हे का आठवलं कुणास ठाऊक.

२४ सप्टेंबर
उन्नती एकटीच तलाठी ऑफिसला जाऊन आली. बँकेचं पासबुक, लाइटचं बिल, गाळ्याचा करार, सगळं घेऊन. नवीन जबाब लिहून आणला. म्हणाली, बाबा, वाचू नका, खाली नुसती सही करा.

वाचू नका म्हटल्यावर वाचलं.

"सदर कुटुंबास गाळ्याच्या भाड्याखेरीज कोणतेही उत्पन्न नाही. हे आम्ही गेली आठ वर्षे समक्ष पाहत आहोत."

पंच दोन लागतात. खाली सात सह्या होत्या. पहिली मनोजची. मग रामनाथकाका. मासळी विकणाऱ्या ठकुबाईचा अंगठा, जी अजून मला पापलेट घ्या शेट म्हणते. आमच्याकडं भांडी घासायला येणारी हौसा. अन्सारीभाईंचीही होती. बाकी दोघांची नावं लिहीत नाही.

आठ वर्षं! मी ज्या ज्या हळदीला अकरा हजारांचं पाकीट दिलं, त्या घरात हे माहीत होतं. घेताना कुणी हसलं नाही. एकट्या मलाच काय ते माहीत नव्हतं.

उन्नतीला विचारलं, मनोज काय म्हणाला? आधी सांगेना. मग म्हणाली, काका बोलले, केसरीला वाचून दाखवू नको हां, त्याला वाईट वाटंल.

वाईट वाटलं. सही केली.

३० सप्टेंबर, दुपारी ४
नवीन दाखला कालच आला. दोन लाख सोळा हजार. उन्नती फॉर्म भरायला बसली. शेजारी बसून मी सूचना देणार होतो, पण मला विचारण्यासारखं त्यात काही नव्हतं. तिला सगळं येत होतं.

शेवटी म्हणाली, बाबा, तुमच्या आधारच्या नंबरावर ओटीपी आला असेल, सांगा. चष्मा लावला. सहा आकडे होते. जसे होते तसे वाचले. एकही वाढवला नाही.