शेवटच्या मॅचचा आडवा

मी, अंगद धोंडीराम नवले, वय सत्तावीस वर्षे, शिक्षण नववी पास (दहावीला बसलो होतो, पण गणिताच्या पेपरला जाता जाता यात्रेतल्या मौत का कुआँजवळ थांबलो), धंदा मिळेल ते काम, मूळ राहणार नेकनूर, जिल्हा बीड, सध्या मुक्काम बहीण स्वप्नाली हिच्या घरी, बीड शहर, असे लिहून ठेवतो की, येत्या सोमवारी संभाजीनगरच्या दवाखान्यात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, शंभरातले सत्त्याण्णव जण चालत घरी जातात. मी उरलेल्या तिघांत निघालो तर मागे घोळ राहू नये, म्हणून हा कागद. माझं डोकं ठिकाणावर आहे. मी काही घेतलेलं नाही. कोणी दम दिलेला नाही, कोणी गोड बोलून लिहून घेतलेलं नाही. यापूर्वी असं काही लिहिलेलं नाही.

साक्षीदारांचं शेवटी लिहितात, पण मी आधीच लिहितो, कारण सगळं त्यावरच आहे. या कागदावर दोनच जणांच्या सह्या चालतील. एक माझे वडील धोंडीराम सुंदरराव नवले, ज्यांना मी अप्पा म्हणतो. दुसरे बीडचे गॅरेजवाले पाशाचाचा. दोघांनी एका खोलीत, एका वेळी बसून, सगळा कागद वाचून सही करावी. एकाचीच झाली तर कागद फाडून टाकावा आणि माझं जे आहे ते स्वप्नालीने घ्यावं. हे दोघं तीस वर्षं एका ताटात जेवले आणि आता साडेसहा वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत. ते का, हे खाली कलम चारमध्ये आहे. वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये. म्हणून या दोघांना मी काहीच ठेवत नाही. मुलगा बापाला काही ठेवत नाही, याचं वाईट वाटून घेऊ नये.

कलम १. नेकनूरच्या शेतात माझ्या वाट्याला जे येईल ते स्वप्नालीला. बँकेत आहे तेही तिलाच. तिने मला तीनदा घरातून हाकललं आणि तीनदा बसस्टँडवरून परत आणलं.

कलम २. बोअरवेलच्या गाडीवर होतो तेव्हाचे मोठे पाने, साखळी आणि हातमोजे पाशाचाचांच्या गॅरेजवरच्या पोरांना. पाने चांगले आहेत. दावणगेरेला एका शेतात सातशे फूट गेलो, पाणी लागलं नाही, तर शेतकऱ्याच्या आईने आम्हा सगळ्यांना जेवायला घातलं आणि म्हणाली काय ते कळलं नाही, कानडी होतं. ते एक असो.

कलम ३. त्या गाडीच्या मुकादमाने माझं जर्किन ठेवून घेतलं ते त्याला माफ. आठवीतल्या पीटीच्या सरांना माफ नाही. त्यांनी सगळ्या वर्गासमोर सांगितलं होतं की हा पोरगा निघतो एका गावाला आणि पोचतो भलतीकडंच. खरं होतं, पण वर्गासमोर बोलायचं नव्हतं.

कलम ४. आता मुख्य.

इत्तेहाद फुटबॉल क्लब, बीड, हा निजामाच्या काळापासूनचा. मैदान म्हणजे बाजारतळ. बाजार भरला की गोलच्या खांबांना व्यापारी ताडपत्र्या बांधायचे, आणि फार पूर्वी एकदा वरचं आडवं लाकूड कोणीतरी रातोरात सरपणाला नेलं. तेव्हापासून रीत पडली, मॅच संपली की दोन्ही आडवे उतरवायचे. एक शहरात पाशाचाचांच्या घरी राहायचा. दुसरा आमच्या घरी नेकनूरला, कारण त्याचं सागाचं लाकूड माझ्या आजोबांनी दिलं होतं आणि सांगितलं होतं, लाकूड क्लबचं, सांभाळणार आमी. अठरा फुटांचा होता. कायद्याला कमी, आमच्या मैदानाला बरोबर. मॅचच्या दिवशी एक आडवा गल्लीतून खांद्यावर यायचा, एक गावाकडून गाडीवर, टोकाला लाल फडकं बांधून. दोन्ही आल्याशिवाय शिट्टी वाजायची नाही. एकट्या मोहल्ल्याला किंवा एकट्या गावाला मॅच खेळता येऊ नये, असंच ते होतं.

मैदान बांधकामाला गेलं. शेवटची मॅच ठरली २४ फेब्रुवारी २०१९, परळीच्या संघाबरोबर. क्लबच्या बैठकीत एकटे अप्पा नको म्हणाले होते. "मैदान जातंय तर जाऊ द्या. शेवटची मॅच कशाला? रडायला?" पाशाचाचा म्हणाले, "होय, रडायलाच. तुला येत न्हाई तर तू चुना मार." म्हणून अप्पा सकाळच्या एसटीने पुढं गेले, मैदानावर चुन्याच्या रेघा मारायला. आडवा आणायचं काम अप्पांनी घरातल्या घरात माझ्याकडं दिलं. शेजाऱ्याची पिकअप घेतली, आडवा बांधला, फडकं लावलं, दहालाच निघालो. मॅच साडेतीनला. रस्ता तासाभराचा.

मांजरसुंब्याच्या अलीकडं विहिरीवर गर्दी दिसली. मला कोणी बोलावलं नव्हतं. मी बघायला थांबलो. म्हाळू नावाच्या माणसाची म्हैस विहिरीत पडली होती, गाभण. दोर होते, माणसं होती, कप्पी होती, पण ती टांगायला विहिरीच्या तोंडावर पुरेल एवढं लांब लाकूड कोणाकडं नव्हतं. माझ्या गाडीवर होतं. मीच म्हणालो, "हे घ्या, दहा मिनिटाचं तर काम हाय." आडवा विहिरीवर असा बसला की जणू तिथलाच. दहा मिनिटांचे तीन तास झाले. म्हैस वर आली, लोकांनी मला गुलाल लावला, चहा पाजला. मी गुलाल पुसत आडवा उचलायला गेलो, तर मधोमध उभा तडा. पलीकडचा उजेड दिसत होता त्यातून.

म्हैस वाचली, हे मी माझ्या बाजूने मांडणार नाही.

अडीच वाजता अप्पांचा फोन आला. मी एवढंच बोललो, "अप्पा, आडवा न्हाई येत," आणि फोन बंद केला. का, ते सांगितलं नाही. तसाच गेलो असतो, तडा गेलेला आडवा घेऊन, तरी साडेतीनच्या आत पोचलो असतो. चारशे शिव्या खाल्ल्या असत्या, पट्ट्या ठोकून तोच चढवला असता. मी गेलो नाही. आडवा म्हाळूच्या गोठ्यात टाकला, पिकअप नेकनूरला लावली, आणि हायवेवर पहिली जी बोअरवेलची गाडी थांबली तिच्यावर बसून कर्नाटकात गेलो. इत्तेहादची शेवटची मॅच मी पाहिली नाही. सगळ्यांना सांगत आलो की मागं, पाण्याच्या टाकीजवळ उभा होतो. ते खोटं आहे.

दोन वर्षांनी परत आलो. आल्यावर मला तहान लागल्यासारखं झालं की कोणीतरी ती मॅच सांगावी. शंभर पानी वही घेतली आणि जो भेटेल त्याला विचारत सुटलो. एक्केचाळीस जणांचं लिहिलंय. चकलांब्याला एका लग्नात आचारी निघाला इत्तेहादवाला, पुऱ्या तळता तळता त्याने सगळी टीम सांगितली, नंबरासकट, आणि दोन घाणे करपवले. पाशाचाचांच्या घरच्या चाँदबीचाची गच्चीवरून बघत होत्या, गल्लीतल्या सगळ्या बायका त्यांच्या गच्चीवर होत्या. त्या म्हणाल्या, "मॅच संपली तरी कोणी खाली उतरलं न्हाई. नंतर काय बघत होतो? खाली माती. तीच बघत होतो."

मॅच अशी झाली. एका गोलला आडवा, दुसऱ्याला पाशाचाचांच्या गॅरेजमधला गाडी ओढायचा दोर ताणून बांधलेला. शेवटची दोन मिनिटं, परळी दोन, इत्तेहाद एक. पाशाचाचांचा मुलगा कामरान, माझा दोस्त, त्याने डाव्या पायाने मारला. चेंडू गेला, दोर हलला. पंच म्हणाले, वरून गेला. अर्धं मैदान म्हणालं, खालून. परळीचा गोली मला त्यांच्या स्टेशनवर भेटला, भला माणूस आहे. म्हणाला, "भाऊ, दोर माझ्या बोटाला लागला एवढं माहीत हाय. बाकी खरंच न्हाई माहीत. मलाबी झोप येत न्हाई कधी कधी." लाकूड असतं तर आवाज झाला असता. लाकडाला लागलं की कळतं.

मॅच हरली आणि क्लब संपला.

पण वहीत दुसरंच भरत गेलं. एक्केचाळीसमधले चौतीस जण मॅच सांगता सांगता एकाच जागी यायचे: धोंडीराम नवलेने आडवा आणला नाही. त्याला ही मॅच नकोच होती. शेवटच्या दिवशी त्याने गोल उघडा ठेवला. त्यांना माहीत नव्हतं मी कोण, किंवा माहीत असून माझ्या तोंडावर बोलत होते. कामरानला विचारलं तर तो म्हणाला, "तुझ्या बापाला इचार बे. मला कावून इचारतो?" आणि फळांचा गाडा ढकलत निघून गेला. मी सगळं जसं सांगितलं तसं लिहिलं. बापाचं नाव स्वतःच्या हाताने चौतीस वेळा.

मग सुंदरबाई भेटल्या. त्या मैदानावर चाळीस वर्षं शेंगा विकायच्या. मी विचारलं, "बाई, चेंडू वरून गेला का खालून?"

"लेकरा, मी चेंडू बघितलाच न्हाई. मी तुझ्या बापाकडं बघत व्हते."

"कावून?"

"अडीचला त्येला फोन आला ना. त्यानं फोन खिशात टाकला, आन् चुन्याची पाटी खाली ठिवली. पाशा म्हणला, आडवा कुठं हाय? तुझा बाप म्हणला, 'घरीच हाय. म्या आणला न्हाई.' पाशा म्हणला, 'का बे?' तर म्हणला, 'माझी मर्जी.' पाशा सगळ्या मैदानासमोर त्येला नको ते बोलला. ह्यो उभा. पण मला दिसत व्हतं ना रे. मर्जीनं बोलणारा माणूस असा चुन्यात पाय घालून उभा ऱ्हातो व्हय?"

म्हणजे अप्पांनी ते स्वतःवर घेतलं. मी आडव्याचं काय केलं हे त्यांना तेव्हाही माहीत नव्हतं आणि आजही नाही. त्यांनी कधी विचारलं नाही. मी घरी आलो त्या दिवशी फक्त म्हणाले, "जेवलास का?" त्यानंतर ईदला पाशाचाचांकडून शीरखुर्म्याचा डबा आला नाही आणि हुरड्याला आमच्याकडून बोलावणं गेलं नाही. हे सगळं कळून मला साडेचार वर्षं झाली. साडेचार वर्षांत मी बीडहून नेकनूरला किती वेळा गेलो असेन. प्रत्येक वेळी ठरवून निघालो की आज सांगायचं.

कलम ५. म्हणून मी हे कायम करतो की, त्या वहीत जिथं जिथं धोंडीराम नवले लिहिलंय, तिथं तिथं अंगद नवले वाचावं. खाडाखोड करू नये, लोकांनी सांगितलेलं लोकांचं आहे. पण वाचताना तसं वाचावं. वही स्वप्नालीकडं राहील. तिने ती एकदा मोठ्याने वाचावी, बाजारतळाच्या आसपास राहिलेले लोक बोलावून. सुंदरबाईंना खुर्ची द्यावी. कामरान येणार नाही म्हणेल, त्याला आणावं.

कलम ६. आडवा क्लबचा होता, क्लब राहिला नाही. मोडला मी, म्हणून तो कोणाला द्यायचा हे सांगायचा थोडा हक्क मला आहे असं धरतो. तो कामरानला. गेल्या महिन्यात मी जाऊन पाहून आलो. म्हाळूच्या गोठ्याचं छप्पर त्यावर उभं आहे. त्याची बायको साखराबाई म्हणाली, "दादा, त्येला हात लावू नका, खाली जनावरं हायेत." तेव्हा स्वप्नालीच्या घरामागं मी लोखंडी पाइप आणून ठेवलाय. आधी पाइप लावायचा, मग लाकूड काढायचं. घाई करू नये. त्या म्हशीची नात आहे तिथं.

कलम ७. माझं काही बरंवाईट झालं तर नेकनूरलाच न्यावं. इत्तेहादचा झेंडा अंगावर टाकू नये, कोणी म्हणालं तरी. ज्यांनी शेवटची मॅच पाहिली त्यांच्यावर टाकावा.

कलम ८. आणि सोमवारी मी चालत घरी आलो, तरी कलम चार आणि पाच रद्द होणार नाहीत.

हा कागद मी स्वतः लिहिला, वाचला, कळला. ठिकाण: स्वप्नालीचं घर, बीड. दिनांक १३ नोव्हेंबर २०२५, दुपारी चार.

(सही) अंगद धोंडीराम नवले

साक्षीदार

१. वाचलं. फोन आला होता हे खरं आहे. मला वाटलं होतं, पोराने लाकूड विकलं. आणखी काही लिहायचं नाही.
(सही) धोंडीराम सुंदरराव नवले, राहणार नेकनूर

२. पाशाचाचांनी सांगितलं तसं, त्यांच्याच शब्दांत, मी, स्वप्नाली, लिहिते: कागद मी दोनदा वाचून घेतला. अंगदने माझ्यासमोर सही केली. नंतर धोंडीरामने केली. पंख्याने कागद उडत होता, म्हणून तो मी धरला.
(सही, उर्दूत) पाशा, गॅरेजवाले, राहणार बीड