मम्मीला सांगू नकोस

बडोदा,
२१ जून २०२५

चि. संहितास वसुधाआत्याचे अनेक आशीर्वाद.

फोन केला की तू कधी आंघोळीला गेलेली, कधी झोपलेली. फेब्रुवारीत तुझ्या चुलतभावाचं, अर्पितचं लग्न झालं, त्यानंतर तुझं तोंड म्हणून पाहिलं नाही. काल तुझे पप्पा बोलता बोलता म्हणाले की तुझ्या पिंपल्सवरून घरात रोज रडारड असते. मी दिलेल्या क्रीमनं तर चेहरा आठवड्यात साफ झाला होता ना? मग पुन्हा काय झालं? फोनवर बोलवत नसेल तर कागदावर लिही, पण लिही.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
आत्या

राजेंद्र नगर, इंदूर,
२९ जून

ती. आत्यास संहिताचा सा. न.

मम्मी माझा फोन बघते, म्हणून हातानेच लिहितेय. अक्षर झेलून घे.

तू दिलेली ट्यूब संपली आणि चेहरा असा जळायला लागला की विचारू नको. मतलब आधी गालावर चार-पाच पिंपल्स होते, आता कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळं लाल. मग मीच मेडिकलवरून तसलीच दुसरी ट्यूब आणली. तिथे कोणी काही विचारलंच नाही. लावली की दोन दिवस बरं, सोडली की पुन्हा तेच. गालांवर बारीक लव पण आलीये. इथे स्कूटीवर सगळ्याच मुली तोंडाला स्टोल बांधतात, मी तर कोचिंगमध्ये बसल्यावरही सोडत नाही.

मम्मी बिचारी परेशान आहे. पोह्यांवरची सेव बंद केलीये, रोज मुलतानी माती घासते. मे महिन्यात पलासियाला स्किनच्या डॉक्टर मॅडमकडे नेलं. त्यांनी सरळ विचारलं की कुठलं क्रीम लावतेस का. मी तोंड उघडायच्या आत मम्मीच म्हणाली की छे, सगळं घरचंच. मी पण ट्यूबचं सांगितलं नाही. तुझं नाव निघालं असतं तर तुमचं मागच्या दिवाळीसारखं भांडण झालं असतं, आणि मग तू इंदूरला येणंच सोडलं असतंस. मॅडमच्या जेलने आग होते, म्हणून मी गुपचूप तीच ट्यूब लावते. आता मम्मी सगळ्यांना सांगते की ती डॉक्टरच फालतू आहे. त्यांची काहीच गलती नाही, आत्या. मला माहीत आहे ना.

प्लीज, मम्मीला सांगू नकोस.

रागावली नसशील तर तुझीच,
संहिता

बडोदा,
४ जुलै

सौ. मधुरिमावहिनींस वसुधाचा सा. न. वि. वि.

संहितानं सांगू नको म्हणून विनवलंय, तरी सांगते आहे. तिचा विश्वास मोडतेय, हे कळतं.

अर्पितच्या लग्नात तिचा उतरलेला चेहरा मला बघवेना. माझी शेजारीण सुरुची चेहऱ्यावरच्या वांगाच्या डागांसाठी एक क्रीम लावते. मीही तेच आणलं होतं. ती ट्यूब पोरीच्या हातात ठेवली आणि वर म्हटलं की मम्मीला सांगू नकोस. आता सुरुचीची ट्यूब इथल्या डॉक्टरांना दाखवली. त्यात स्टेरॉइड आहे, पिंपल्सवर लावायचं नसतंच, असं ते म्हणाले. मग तिनं दुसरीही आणली आणि तुमच्या डॉक्टरांपासून लपवली, केवळ माझं नाव येऊ नये म्हणून.

वहिनी, तुमच्या आधी मी तिला बरं करून दाखवावं, असंही तेव्हा मनात होतं. ट्यूब अज्ञानानं दिली. लपवायला मात्र मी तिला जाणूनबुजून शिकवलं. तिला त्याच मॅडमकडे न्या, ट्यूब बरोबर घ्या. तिला बोलू नका. बोलायचं ते सगळं मला बोला.

तुमच्यासमोर उभं राहायची लाज वाटणारी,
वसुधा

इंदूर,
३० ऑगस्ट

सौ. वन्संना मधुरिमाचा स. न. वि. वि.

तुमचं पत्र मी फाडलं, आणि मग तुकडे जुळवून पुन्हा वाचलं.

मॅडम रागावल्या नाहीत. असे चेहरे त्यांच्याकडे नेहमी येतात म्हणे. ट्यूब बंद केली की आधी चेहरा आणखी भडकेल, घाबरून पुन्हा लावायची नाही, असं त्यांनी बजावलं. माती घासून घासून मी उलट तिची कातडी सोलत होते. ते पहिले काही आठवडे फार वाईट गेले. पोरगी खोलीबाहेर येईना, कोचिंग बुडालं. तेव्हा मी तुम्हाला रोज शिव्या दिल्या, खोटं कशाला सांगू? आता आग थांबलीय. गोळ्या चालू आहेत, झोपताना वाटाण्याएवढं जेल, दिवसा सनस्क्रीन. नवे फोड कमी येतात. डाग जायला महिने लागतील, काही राहतीलही.

आता माझं ऐका. त्या लग्नात ग्रुप फोटोच्या वेळी मीच तिला हळूच म्हटलं होतं की तू जरा मागे उभी राहा. फोटो चांगला यावा, एवढंच डोक्यात होतं. वन्सं, तुमच्या ट्यूबच्या आधी माझं ते वाक्य होतं. परवा तिच्यापाशी बसून माफी मागितली. ती म्हणाली की मागे पाठवलंस ते ठीक आहे, पण तू पण माझ्याबरोबर मागे यायचं होतंस.

यावर तिला काय म्हणायचं, ते इथे येऊन मला सांगा.

आहे तशी तुमची,
मधुरिमा