म्हशीमागची बाई

मुखेड, ४ जाने.
लातूरहून लेकीचा, मित्राचा फोन. "बाबा, इथले प्रकाशक आईची म्हशीची गोष्ट पुस्तकात घेऊन राहिलेत. चित्रं तुमीच काढा." जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, हो म्हणालो. सुमन जाऊन पाच महिने. अंगणवाडीत तीस वर्षं ही गोष्ट सांगितली तिनं. मी एकदाही ऐकली नाही. लेकीला पाठ आहे.

९ जाने.
म्हैस जमली. ढेरपोटी, एक शिंग खाली. तिला शोधत बाई गावभर हिंडते. बाई म्हणजे सुमनच, दुसरं कोण. लग्नाच्या फोटोवरून काढली, आधार कार्डावरून काढली. दोन्ही परक्या बायका. सहा कागद फाडले, सातवा ठेवला.

१५ जाने.
चित्रं घेऊन तिच्या अंगणवाडीत गेलो. खिचडी खाऊन पोरं जमली. म्हशीवरून हात फिरवले. मग बाई दाखवली. ही कोण?
पाच वर्षांची आरती म्हणाली, "दवाखान्यातली बाई."
"आपली बाई न्हाई का?"
"न्हाई. आपली बाई हासती."
मदतनीस शांताबाई म्हणाल्या, "सर, त्या सोता म्हैस व्हायच्या. पदर खोचून डुलत चालायच्या. लेकरं लई हासायची."
सुमन? घरात मोठ्यानं हसलेली आठवत नाही. मला आवाज चालायचा नाही.

१६ जाने.
काम नाही. जेवण नाही.

२२ जाने.
परत गेलो. आरतीला म्हणालो, बाई कशी चालायच्या? तिनं फ्रॉक खोचला, गाल फुगवले, मान हलवत खोलीभर फिरली. शांताबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मी पेन्सिल चालवली. पाठ आली, खोचलेला पदर आला. सुमनची चाल पहिल्यांदा नीट पाहिली, तीही पोरीच्या अंगात.

२८ जाने.
लातूरच्या प्रकाशकांना चित्रं आवडली. पण सगळ्या पानांवर बाई पाठमोरी कशी, चेहरा पाहिजे म्हणतात. शनिवारपर्यंत.
मित्राला विचारलं, "आई हसताना कशी दिसायची गं?"
तिकडं दार लावल्याचा आवाज आला. मग, "बाबा, तुमी घरी नसताना हासायची ती."
फोन ठेवला.

३० जाने.
पुन्हा अंगणवाडी. आरतीला म्हणालो, बाईसारखं हसून दाखव. लाजली. "तुमी डोळे झाका, मग हासते."
झाकले. ती हसली. तिच्यामागून सगळी पोरं हसली, शांताबाईसुद्धा. उघडू का, विचारायचं होतं. विचारलं नाही. कागद मांडीवर, तसाच बसून राहिलो.