कोपर

मंगळवार, रायपूर. दिवेलागण होऊन गेली.

पोट्ट्यानं काल टीव्हीचा बिनवायरचा हेडफोन आणला. ह्यांच्या कानावर बसवला आणि मले म्हणते, "आई, अब तुझे चिल्लाना नहीं पड़ेगा."

खरंच आहे. इथल्या उरला कारखाना-वसाहतीतल्या रोलिंग मिलच्या आवाजानं ह्यांचे कान गेले. तेव्हापासून रोज संध्याकाळी हे मले कोपरानं ढोसायचे, "काय म्हणली ती?" मग मी मालिकेतलं हिंदी ह्यांच्या कानाशी मराठीत ओरडून सांगायची. कंटाळली की दोन वाक्यं मनानंच घालायची. हे त्यालेही मान डोलावून "हव" म्हणत.

आज आधी नव्या राजधानीच्या बातम्या झाल्या, मग मालिका. हेडफोनसोबतच्या डबीची पिन टीव्हीले लावली की टीव्हीचा आवाज बंद होते, हे कोणालेच सुचलं नव्हतं. मी नुसती चित्रं पाहून राहिली होती. मालिकेतली सासू काहीतरी बोलली आणि हे एकटेच हसले. माझ्याकडे पाहिलंही नाही. काहून पाहतील? सगळं तर ऐकू येऊन राहिलं.

चांगलं झालं. मग मले रडू काहून यावं? पण जेवा, गोळी घ्या, याच्यापलीकडे आमचं बोलणं होतं तरी कोणतं? जे होतं ते त्या कोपरातच.

शेवटी मीच ह्यांना कोपरानं ढोसलं. मोठ्यानं विचारलं, "काय म्हणली ती?"

टीव्हीवरची नजर न काढता हे म्हणाले, "हव."