पाचव्या गाण्यातली हाळी

मु. कासार आंबोली, ता. मुळशी
यात्रा होऊन सहावा दिवस, एप्रिल २००९

तीर्थरूप सिद्धूमामा यांच्या पायांवर भाचा बिरदेव याचं डोकं. इकडं सगळी खुशाल. तिकडं कोकणात आधी मेंढरं, मग घोडी, मग कुत्री आणि उरल्या जागेत मामी, करिष्मा आणि तुम्ही खुशाल असाल अशी आशा करतो (हा क्रम तुमचाच आहे, मी फक्त उतरवून घेतला). तुमचा मुक्काम आज या शेतात आणि उद्या त्या शेतात, मग पत्ता काय घालायचा? म्हणून हे पत्र ताम्हिणीच्या एसटीच्या कंडक्टरकडं देतोय. तो कोलाडला पिठाच्या गिरणीत ठेवेल. तुम्ही कोकणात कुठंही असला तरी दळण तिथंच आणता हे मला ठाऊक आहे. पाकीट फुगलंय, कारण आत एक सीडी आहे. तो आरसा नव्हे, मामीला सांगा. करिष्मा, तू मामांना वाचून दाखवशील तेव्हा कंसातलं पण वाच, गाळू नको, मागच्या वेळी गाळलंस आणि घोळ झाला.

तर पत्रास कारण एवढंच की आमच्या बॅंडची नवी सीडी निघाली, ती तुमच्या कानावर घालावी. दुसरा काही हेतू नाही. माझ्या पत्राच्या शेपटीला मागणं बांधलेलं असतंच असं तुम्ही मागं चारचौघांत बोलला होता, म्हणून हे आधीच लिहून ठेवलं. आमचा बॅंड म्हणजे मी वाजवत नाही. मी चाहता आहे. म्हणजे वाजवणारे तिघं आणि ऐकणारा मी, असं धरून आमचा.

तुम्हाला आठवत असेल, दिवाळीआधी मी मुळशीला बोटीवर होतो (बोट चांगली होती, पण धरणाच्या पाण्यावर गोल गोल फिरून माणसाला आपण कुठं पोचतोय असं वाटत नाही). त्याच्या आधी डंपरवर क्लीनर, त्याच्या आधी केबलवाल्याकडं, त्याच्या आधी नववीत, तीन वर्षं. बोट सोडली आणि आमच्या वस्तीखालच्या बंगल्यावर राखणदार म्हणून लागलो. बंगला पुण्याच्या एका डॉक्टरांचा. ते स्वतः कधी येत नाहीत, भाड्यानं देतात. तर कार्तिकात तिथं बावधनची तीन पोरं उतरली. दिग्विजय म्हणून एक आहे, तो ढोलासारखे सहा ढोल मांडून एकटाच बडवतो, एरवी कंप्युटर कंपनीत कामाला. जुईली गाते आणि गिटार वाजवते. आणि पियूष. हा काय वाजवतो ते सांगणं अवघड आहे. त्याच्याकडं बटणांची एक पेटी आहे, ती तो पिळतो. पेटी ज्या स्टुलावर ठेवतात त्याचा एक पाय अर्धा मोडलेला, म्हणून बॅंडचं नाव ‘साडेतीन पाय’.

पहिल्या दिवशी आतून आवाज यायला लागला तेव्हा मला वाटलं पाण्याची मोटर जळाली. राखणदार म्हणून माझं कर्तव्य होतं, मी पळत जाऊन मेन स्विच खाली ओढला. आत सगळं गप्प. मला वाटलं आता ही नोकरी पण गेली. तर तिघं बाहेर आले आणि मला आत घेऊन गेले. त्यांचा लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिलेला, त्यात सगळं भरलं गेलेलं. गाणं चढत चढत जातं, आणि ऐन टोकावर एकदम विहिरीत पडल्यागत शांत होतं, मग जुईलीचा नुसता श्वास, आणि लांबून एक बकरू. ते त्यांनी तसंच ठेवलं. सीडीवर दुसरं गाणं तेच. त्यातली ती शांतता मी पाडलेली आहे, मामा. ज्या माणसाचं नाव शाळेच्या हजेरीपटाशिवाय कुठं आलं नाही, त्याची शांतता सीडीवर आली.

सीडीचं नाव ‘पाणलोट’. मी ती साठेक वेळा ऐकली. पहिल्या दहा वेळा मला काही कळलं नाही, हे कबूल करतो. अकराव्या वेळी कळलं की ते वाट चुकत नाहीत, ते मुद्दाम आडवाटेनं नेतात, जसं तुम्ही डांबरी सोडून मेंढरं ओढ्यातून काढता, लांब पडतं पण चारा मिळतो. तेव्हापासून मी भेटेल त्याला ऐकवतोय. पौडच्या मिसळवाल्याला ऐकवली, त्यानं मिक्सर लावला. एसटीत ड्रायव्हरला ऐकवली, तो घाटात मागं वळून बघायला लागला म्हणून माणसांनी बंद करायला लावली. पुण्याच्या एका पेपरात कोणी लिहिलं की ही सीडी संपल्यावर बरं वाटतं. मी त्यांना कार्ड टाकलं की आजारपणाचं पण तसंच असतं, म्हणून औषधाला नावं ठेवू नयेत. (हे वाक्य नीट जमलं नाही हे मला कार्ड टाकल्यावर कळलं.) इंटरनेटवर आमचं चाहते मंडळ आहे, सात सभासद, त्यातले दोन जुईलीचे मावसभाऊ.

फाल्गुनात पुण्यात एका कॉफीच्या हॉटेलात त्यांनी सीडी वाजवून दाखवली. अकरा माणसं होती, पैकी चार टेबल रिकामं व्हायची वाट बघणारी. सामान भरताना दिग्विजय हळूच बोलला की पाच वर्षं झाली, आता एकदा शेवटचं वाजवू, नाही कोणी आलं तर ढोल विकून टाकू आणि कंपनीची बदली घेऊन बंगळूरला जाऊ. बाकी दोघं वायरी गुंडाळत राहिले, म्हणजे त्यांचं ठरलेलंच होतं. माझ्या तोंडून निघून गेलं की शेवटचं आमच्या गावच्या यात्रेत वाजवा, मैदान भरून दाखवतो. निघून गेलं ते गेलं. माझं तोंड तुम्हाला माहीत आहे.

यात्रा कमिटीचे दादासाहेब आधी नाही म्हणाले. मग मी आठ दिवस त्यांच्या गोठ्यात शेण काढलं, तेव्हा पालखी आणि कुस्त्या यांच्यामध्ये दुपारी चारचा अर्धा तास दिला. मी खूश झालो. आता मला सांगा मामा, यात्रेच्या दिवशी चार वाजता गाव काय करतं? मटण खाऊन पडतं. जन्मापासून मी स्वतः त्या वेळेला पडत आलोय, तरी हे माझ्या ध्यानात आलं नाही. मैदानात आम्ही, भोंगेवाला भैरू, आणि दादासाहेब, ते पण खुर्ची त्यांच्या घरची होती म्हणून. दिग्विजय ढोलांचे नट आवळत होता आणि रिकाम्या मैदानाकडं बघत नव्हता. न बघण्याचा पण एक आवाज असतो.

भैरू म्हणाला, तोवर सीडी लावू, माणसं आवाजाला येतात. त्यानं उंबरावर चार भोंगे बांधलेले, दोन गावाकडं, दोन टेकडीकडं (टेकडीवर कोण राहतं म्हणून विचारलं, तर म्हणाला तार तेवढीच पुरली). मी म्हटलं, पाचवं गाणं लाव, ते सगळ्यात लांब आहे, अकरा मिनिटांचं.

आता इथं मला एक गोष्ट सांगायला पाहिजे, ती खरं तर आधी सांगायची होती. कार्तिकात तुम्ही कळप घेऊन ताम्हिणीकडं गेला, त्या दिवशी जुईलीनं बंगल्याच्या भिंतीवर माईक ठेवला होता. तिला रस्त्याचा आवाज पाहिजे होता. तेवढ्यात तुम्ही आला. तुमची ती हाळी, पहिली ओठांवरची फुर्र, मग घशातून वर वर चढणारी, शेवटी तुटल्यासारखी. चार वर्षं तुम्ही आमच्या वस्तीशी थांबत नाही, पण तिथून जाताना तुमची हाळी दुप्पट मोठी होते, कशाला ते मला कळत नाही. आणि त्याच दिवशी आई दर वर्षी मेंढरं टेकडीपलीकडं नेते, ते पण कळत नाही. वाटणीत बुगडी मेंढी कोणाची यावरून तुम्ही दोघं बहीणभाऊ बोलायचे थांबला, त्यात मी पडणार नाही. मी फक्त सांगतोय की पाचव्या गाण्यात ती हाळी आहे. पियूषनं पेटीतून पिळून ती लांबवली, पण मोडली नाही. अकरा मिनिटांत सात वेळा येते.

तर ती भोंग्यातून गेली. पहिल्या वेळी काही नाही. दुसऱ्या वेळी टेकडीवर धूळ दिसली. तिसऱ्या वेळी आईची सगळी मेंढरं उतारावरून खाली, पुढं बुगडी. म्हातारी झालीय, गुडघे धरलेत, पण कोकरागत येत होती. मागची बाकीची कशाला पळतायत हे त्यांना तरी माहीत होतं का, पुढची पळतीय म्हणून पळायचं. मेवामिठाईची दुकानं मध्ये होती. रेवडी गेली, कुरमुरे गेले, एका बाईच्या बांगड्यांच्या टोपलीत कोकरू बसलं. गलका उठला तसं अख्खं गाव झोपेतून काठ्या घेऊन मैदानात. कुस्तीचे पैलवान लंगोटावर आले. मैदान भरलं, मामा. मी शब्द दिला होता आणि मैदान भरलं.

पाठोपाठ आई आली, अनवाणी, पदर खोचलेला. कोणाकडं न बघता सरळ माझ्यापाशी.

“कुटं हाय त्यो?”

मी भोंग्याकडं बोट केलं. तिनं वर बघितलं. मग उंबराला वळसा घालून मागून पण बघून आली.

दिग्विजयनं तेवढ्यात काय विचार केला माहीत नाही, त्यानं काठ्या उचलल्या आणि पहिल्यापासून सुरू केलं. मला वाटलं मेंढरं उधळणार. तर ती बसली. ढोल बडवतोय, पेटी किंचाळतीय आणि मेंढरं खाली बसून रवंथ करतायत. आता देवाच्या दारात बसलेली मेंढरं उठवायची नाहीत हे गावाला सांगावं लागत नाही. माणसं कडेनं उभी राहिली, मग टेकली. दुसऱ्या गाण्यात माझी शांतता आली तेव्हा सगळ्या मैदानात नुसता रवंथाचा आवाज होता. ती शांतता एवढी चांगली सीडीवर पण नाही. पाचव्याला तुमची हाळी परत आली तशी बुगडी उठली आणि भोंग्याखाली जाऊन मान वर करून उभी राहिली. आई तिला हाकायला काठी उचलून गेली होती. काठी टेकवून तिथंच बसली.

बावन्न मिनिटं वाजवलं, कुस्त्या खोळंबल्या. संपल्यावर टाळ्या पडल्या नाहीत, कारण संपलंय हे कोणाला कळलं नाही (ते सीडीत पण कळत नाही). दादासाहेबांना मी विचारलं कसं वाटलं. ते मिशी चोळून म्हणाले, “मेंढरं बसली म्हंजे कायतरी आसंल. त्यास्नी काय कोन पटवाय गेलं न्हवतं.” पेपरवाल्याला मी हे कार्डावर लिहून पाठवलंय.

आणि मग आई उठून दिग्विजयपुढं गेली. त्याला वाटलं रेवडीचा राग त्याच्यावर निघणार. ती म्हणाली, “ते पाचवं पुन्यांदा लाव.”

त्यांनी लावलं नाही, वाजवलं. ढोल विकायचे नाहीत असं त्याच संध्याकाळी ठरलं, मला कोणी सांगितलं नाही, पण पियूष स्टुलाचा पाय दुरुस्त करू का म्हणून विचारत होता आणि बाकी दोघं त्याच्यावर ओरडले. एवढी अभिमानाची गोष्ट आपल्या घराण्यात आजवर झाली नसेल, म्हणून कळवली. कोलाडला मोबाइलच्या दुकानात सीडी वाजते, करिष्माला घेऊन जा. जाताना मेंढरं लांब बांधावीत. मामीला नमस्कार, घोडीला हिरवा चारा.

आपला भाचा,
बिरदेव (चाहते मंडळ, अध्यक्ष)

ता. क. सीडीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात ‘हाळी : सिद्धूमामा’ असं छापलंय. विचारायचं राहिलं. रागावू नये.

ता. क. दोन. हाळीच्या पाठोपाठ तुम्ही एका डंपरवाल्याला जे बोलला ते पण सीडीत आहे. जुईलीनं अर्थ विचारला, मी तो आशीर्वाद असल्याचं सांगितलं. तुम्हाला कधी भेटली तर संभाळून घ्या.

ता. क. तीन. आता मागणं. वळवाच्या आत तुम्ही घाट चढून परत येणार. यंदा नदीपलीकडून निघून न जाता दोन रात्री आमच्या भातखाचरात मेंढरं बसवावीत. रानाला खताची गरज आहे, बाकी काही नाही. हे माझं मागणं आहे, आईला या पत्राचा पत्ता नाही.

ता. क. चार. आईला पत्ता लागला. लिहिताना मी तोंडानं बोलतो आणि ती चुलीपाशीच होती. तिनं सगळं पहिल्यापासून वाचायला लावलं, कंसातलं पण. खाचराबद्दल काही बोलली नाही, बुगडीबद्दल पण नाही. फक्त एवढं लिही म्हणाली, “त्याला म्हनाव, आवाज बसलाय तुजा.” मी सांगितलं की पियूषनं पेटीत पिळलाय म्हणून तसा येतो. तर म्हणाली की तुझ्या पियूषच्या आधीपासून मी तो आवाज ऐकतीय, मला शिकवू नको. ज्येष्ठमध आणून ठेवलाय. पोस्टानं पाठवणार नाही म्हणते, हितं येऊनच घ्यायचा.